शिट्टीला नामदेवरावांचा पाठिंबा नाही

संपादकांचा फोन आला, "तुमच्या प्रभागाच्या निवडणुकांचा इतिहास लिहून द्या, दिवाळी अंकासाठी." मी म्हटलं, साहेब, इतिहास लिहायला मी प्राध्यापक नाही, मी भोंगेवाला आहे. आयुष्यभर मालेगावात निवडणुकीच्या रिक्षात बसून माइकवर ओरडलो. कोण किती मतांनी आला ते मला आठवत नाही, कोणाच्या प्रचारात घसा बसला ते मात्र सांगू शकतो. ते म्हणाले, मग घशाचाच इतिहास लिहा. तर लिहितो. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. यातल्या शेवटच्या निवडणुकीचा मला जो धक्का बसला आहे, तो अजून उतरलेला नाही. बायको म्हणते, तुम्ही जेवताना मध्येच थांबता आणि भिंतीकडे बघत बसता. बसतो. काय करू?

हे मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, जहांगीर मालेगाव. नाशिककडचं ते वेगळं. आमची पार्सलं अधूनमधून तिकडे फिरून येतात, पण माणसं इथलीच. आमचा प्रभाग अर्धा दुकानांचा आणि अर्धा मळ्यांचा. रस्त्याकडच्या बाजूला किराणा आणि कापडाची दुकानं, बहुतेक जैन मंडळींची. मागच्या बाजूला भाजीपाल्याचे मळे. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना आमच्याकडे "भाजीत सांबार टाकू का" असं विचारलं की ते घाबरतात. गाव ग्रामपंचायतीचं होतं तेव्हा चार मोठी माणसं एका ओट्यावर बसून ठरवायची आणि लोक मान डोलवायचे. मग नगरपंचायत झाली, प्रभाग पडले, आरक्षण फिरायला लागलं, आणि माझ्या भोंग्याला बरे दिवस आले.

भोंग्याचा धंदा लोकांना सोपा वाटतो. रिक्षात बसलं, माइक हातात घेतला, ओरडलं. तसं नाही. भोंगे दोन लागतात, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. पुढच्याने माणूस दारात येतो, मागच्याने त्याच्या लक्षात राहतं. रिक्षा बैलगाडीच्या वेगाने चालली पाहिजे. वळणावर थांबायचं, नळावर थांबायचं, ज्या घरी मयत झाली असेल तिथे बंद करायचं. उमेदवाराचं नाव दोनदा आणि चिन्ह तीनदा, कारण मशीनपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं बोट चिन्ह शोधतं. तोंडात ज्येष्ठमधाची काडी ठेवायची आणि थंड पाणी प्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे विरोधकाचं नाव आपल्या भोंग्यातून कधीही काढायचं नाही. शिवी द्यायलासुद्धा नाही. भोंग्यातून नाव निघालं की ते घराघरात जातं, आणि गेलेलं नाव परत आणता येत नाही.

हे मी कोणाकडून शिकलो नाही, आपटून शिकलो. आमच्या प्रभागातल्या एका जुन्या निवडणुकीत दत्तात्रय नावाचा एक उमेदवार होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्यामुळे अख्खं गाव त्याला पेंटर म्हणायचं. मी कागदावरचं नाव घेऊन दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या सख्ख्या मावशीने रिक्षा थांबवली आणि विचारलं, "काहून रे बाळू, हा दत्तात्रय कोन उभा आहे आपल्या गल्लीत? आपल्यातला आहे का बाहीरचा?" मी कपाळावर हात मारला. त्याच दुपारपासून "आपला पेंटर, आपला पेंटर" सुरू केलं. पेंटर आला निवडून. मी महिनाभर गावात छाती काढून फिरलो. माझ्यामुळे आला अशी माझी पक्की समजूत होती.

तीच समजूत शिरपूरला एकदा जरा हलली होती, पण मी लक्ष दिलं नाही. शिरपूर जैन म्हणजे आमच्याजवळचं मोठं गाव, जुनं मंदिर, बाराही महिने यात्रेकरू. तिथले एक दुकानदार शेठ ग्रामपंचायतीला उभे राहिले. इतका सभ्य माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले, "भाऊ, आवाज हळू ठेवा. मंदिरात लोकं आहेत, घरात म्हातारे झोपले राहतात, कोनाची झोपमोड नाही झाली पाहिजे." मी आवाज कमी केला. ते म्हणाले, अजून कमी. शेवटी इतका कमी झाला की बायका मला फेरीवाला समजून रिक्षाजवळ येऊन विचारायच्या, "काय इकून राह्यले, भाऊ?" मी मनात म्हटलं, झालं, शेठ पडले. शेठ दणक्यात निवडून आले! मला तेव्हा आश्चर्य वाटलं, पण मी म्हटलं असेल नशीब. पुढे कधी त्यावर विचार केला नाही.

आता आमच्या प्रभागाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. नामदेवराव माझ्या लहानपणापासूनचे दोस्त. मळ्याच्या बाजूला त्यांचं घर, दोन विहिरी, भाजीपाला. माणूस दिलदार. कोणाच्या लग्नात मांडव घालायला, कोणाला वाशीमच्या दवाखान्यात न्यायला, सगळ्यात पुढे. फक्त एक आहे. ते बोलायला लागले की दुसरं कोणी बोलूच शकत नाही. त्यांचा आवाज माझ्या भोंग्यापेक्षा बरा आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. त्यांची बायको वत्सलाबाई. मळ्यातली भाजी घेऊन रोज बाजारात बसते. कोणाच्या घरी काय शिजतं, कोणाचा नळ चार दिवस आला नाही, कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे तिला सगळं माहीत. तोंडाने कमी, पण बोलली तर नेमकं.

मागच्या निवडणुकीत प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि वत्सलाबाई उभ्या राहिल्या. मनापासून उभ्या राहिल्या. माझ्या रिक्षात बसून स्वतः माइक घ्यायच्या आणि घरात बोलावं तशा बोलायच्या. "शांताबाई, तुह्या दारासमोरची नाली मले दिसते. मी निवडून आली तर पयले ते करीन, नाही आली तर तू मले बाजारात येऊन शिव्या देजो." लोक हसायचे, पण दारात थांबून ऐकायचे. समोर किराणावाल्या सुभाषशेठच्या पत्नी पुष्पाताई होत्या, त्याही चांगल्या. निकाल लागला आणि दोघींची मतं सारखी! अगदी सारखी! परत मोजली, तरी सारखी. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकली. चिठ्ठी पुष्पाताईंची निघाली.

वत्सलाबाई त्या दिवशी रडल्या. मीही रडलो. पाच वर्षं कोणी प्रभाग सांभाळायचा ते एका घडी घातलेल्या कागदाने ठरवलं, याचा मला फार राग आला होता. पण नामदेवरावांनी त्यातून जे काढलं ते ऐकून मी चाटच पडलो. म्हणाले, "तू लय बोलली ना माइकवर, म्हनून आपन हरलो. नालीचं कायले काढलं? ज्याच्या दारात नाली नाही त्यानं मत नाही देल्लं." मी म्हटलं, अरे बाबा, चिठ्ठी होती ती! चिठ्ठीला नाली दिसते का? पण नामदेवराव एकदा म्हणाले की म्हणाले.

पाच वर्षं गेली. यंदा पुन्हा निवडणूक आली, पुन्हा प्रभाग महिलांसाठी. नामदेवरावांनी वत्सलाबाईंचा अर्ज भरायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, "मले नाही राह्यचं उभं." मी तिथेच होतो, माझ्यासमोरच म्हणाल्या. नामदेवराव म्हणाले, "तू काही करू नको, फक्त हात जोड. बाकी मी आहे ना." अर्ज भरला गेला. आणि सोबत डमीचाही भरला गेला.

डमी म्हणजे काय, ते सांगतो. अर्जांची छाननी होते. एखादा कागद कमी निघाला की अर्ज बाद. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे की घरातल्या अजून कोणाचा तरी अर्ज भरून ठेवायचा. सून, भाऊजय, पुतणी, कोणीही. मुख्य माणसाचा अर्ज पक्का झाला की डमीने माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत माघार घ्यायची. डमीचं काम एवढंच की नाव लावायचं आणि वेळेवर काढून घ्यायचं. इथे डमी होती सारिका, नामदेवरावांची सून. मुलगा अकोल्याला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी येतो. सारिका शिकलेली, शांत, पदर खोचून कामाला लागली की दिवसभर दिसायची नाही. दोन्ही अर्ज अपक्ष, दोन्ही मंजूर झाले.

माघारीच्या आदल्या दिवशी सारिका माहेरी मेडशीला गेली, चुलत बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. सकाळच्या एसटीने येते म्हणाली. माघार घ्यायला तिची सही लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. नामदेवराव सकाळपासून कचेरीच्या फाटकात उभे. मीही त्यांच्यासोबत. मेडशीकडून एक गाडी आली, सारिका नाही. दुसरी आली, सारिका नाही. फोन लागेना. नामदेवराव घड्याळाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, जणू घड्याळ मीच चालवत होतो. तीन वाजले आणि साहेबांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी सारिका पिशवीत तुरीची डाळ घेऊन घरी आली. सासऱ्यांना म्हणाली, "गाडीच नाही भेटली, मामाजी." नामदेवराव ओरडले, "अवो, मेडशीत काय मोटरसायकल नोती का एखांदी? मालेगाव काय मुंबईले आहे?" सारिका खाली बघत उभी राहिली. वत्सलाबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. पोरीले कायले बोलता?" आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन आत गेल्या.

माझी तर झोप उडाली. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एकाच घरातून सासू आणि सून एकमेकींसमोर, हे मी पाहिलेलं नव्हतं. एकच आडनाव, मशीनवर एकाखाली एक नाव. वत्सलाबाईंना चिन्ह मिळालं छत्री. सारिका चिन्ह मागायलाच गेली नाही, तिला उरलेल्यातून शिट्टी मिळाली. शिट्टी! आता विचार करा, सकाळी प्रत्येक घरात कुकर तिचा प्रचार करणार, आणि तोही फुकट.

नामदेवरावांनी मला बोलावून मजकूर दिला. मी वाचला आणि खाली ठेवला. त्यात लिहिलं होतं: "सावधान! सारिकाबाई या डमी उमेदवार आहेत. त्यांना राजकारणातलं काही कळत नाही. त्या निवडणूक लढवत नाहीत. शिट्टीला नामदेवरावांचा पाठिंबा नाही. आपलं मत फक्त छत्रीला!"

मी म्हटलं, "नामदेव, ऐक माझं. दुसऱ्याचं नाव भोंग्यातून काढत नसतात. तिचं नावच घेऊ नको. आपण छत्री छत्री म्हणू, लोक शिट्टी विसरून जातील."

"अबे, कुकर विसरू देईन का?" नामदेवराव म्हणाले. "लोकायले गोंधळ होईन ना. वत्सलाचं मत सारिकाले जाईन. तू वाच जसं हाये तसं. आन् शेवटचं वाक्य जोरात वाच."

मी वाचलं. माझ्या मनाला पटत नव्हतं, पण दोस्ताचं काम होतं आणि माइक माझ्या हातात असला तरी मजकूर त्याचा होता. रिक्षा निघाली. माझ्या बाजूला वत्सलाबाई हात जोडून बसल्या. या वेळी त्यांना माइक द्यायचा नाही, असा नामदेवरावांचा हुकूम होता.

तो प्रचार काय सांगावा! सकाळी मी नामदेवरावांच्या दारातून निघायचो, तेव्हा आत सारिका आमच्या कार्यकर्त्यांसाठी पोहे करत असायची. म्हणजे उमेदवार आत चुलीपुढे, आणि दाराबाहेर भोंगा तिच्याच विरोधात. "त्यांना राजकारणातलं काही कळत नाही" हे वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळायची, कारण तिच्या हातचे पोहे अजून दातात असायचे. एक दिवस ती ग्लास घेऊन बाहेर आली. म्हणाली, "बाळूकाका, आवाज बसला तुमचा. मिठाच्या पान्यानं गुळण्या करा, कोमट केलं आहे." मी गुळण्या केल्या, घसा मोकळा झाला, आणि त्याच घशाने पुढच्या चौकात जाऊन तिला डमी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नळाच्या चौकात बायका भांडी घेऊन उभ्या असायच्या. तिथे मी पूर्ण मजकूर वाचायचो. वाचून झालं की वत्सलाबाई माझ्या बाहीला हात लावायच्या. "भाऊ, शेवटचं अजून एकदा सांगा. मांगच्या बायायले ऐकू नाही गेलं."

"कोणतं, छत्रीचं?"

"नाही. यायचा पाठिंबा नाही, ते."

यायचा म्हणजे नवऱ्याचा. मी पुन्हा सांगायचो. जोरात सांगायचो. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. म्हटलं, बोलू देत नाहीत तरी किती बारीक लक्ष आहे!

मतदान झालं. निकालाच्या दिवशी मी मोजणीच्या हॉलबाहेर गर्दीत उभा होतो. आत काय चाललं आहे ते बाहेर तुकड्यातुकड्यांनी येतं. कोणीतरी म्हणालं, मळ्याच्या प्रभागात नामदेवरावांचं आडनाव आलं. मी उड्या मारल्या. गुलालाची पुडी फोडली, शेजारच्या माणसाच्या डोक्यात टाकली. मग तो माणूस म्हणाला, "आडनाव बरोबर आहे, पन शिट्टी आहे ना बाबा."

मी म्हटलं, काय? तो म्हणाला, शिट्टी. मी पुन्हा विचारलं. त्याने तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवून दाखवली. सारिका निवडून आली होती. पुष्पाताई दुसऱ्या. आणि वत्सलाबाई तिसऱ्या, तेही कुठे तरी खूप खाली. मी तिथेच एका मोटरसायकलवर बसलो, ती माझी नव्हती.

नामदेवराव बाहेर आले. चेहरा पांढरा पडलेला. मला म्हणाले, "बाळू, तुह्या भोंग्यानं घात केला. तिचं नाव घेऊ घेऊ लोकायच्या डोक्यात बसलं. बटन चुकलं लोकायचं."

मजकूर कोणाचा होता, हे विचारायचं भान मला राहिलं नाही. मला खरंच वाटलं की माझ्यामुळे हे झालं. इतक्या वर्षांच्या कामाचं हे फळ? भोळ्या लोकांची मी दिशाभूल केली? मी तसाच उठून नळाच्या चौकात गेलो. तिथे यमुनाबाई भांडं घासत होती. ती आमच्या प्रभागातली जुनी मतदार, प्रत्येक निवडणुकीत सकाळी पहिली रांगेत. मी तिच्यापुढे जवळजवळ हात जोडले. म्हटलं, "यमुनाबाई, माझं चुकलं. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचं बटण चुकलं."

ती घासायची थांबली. "आमी कायले चुकू, भाऊ? आमी पाहून दाबलं."

"शिट्टी?"

"शिट्टीच. उन्हाळ्यात टँकर आला तवा नामदेवभाऊनं त्याचा पाइप आपल्या वाफ्याकडे वढला होता. आठवते का तुमाले? तुमाले काय आठवन, तुमी तवा कुठं लग्नात माइक धरून राह्यले असान. सारिका सासऱ्याच्या समोर येऊन उभी राह्यली. म्हने, मामाजी, पयले बायायचे ड्रम. तिनं सगळ्यायची रांग लावली आन् सोताचा ड्रम सगळ्यायच्या मांगं ठेवला. तवापासून बाया तिलेच म्हनून राह्यल्या का तू उभी राह्य."

"आणि वत्सलाबाई? पाच वर्षांपूर्वी तुम्हीच त्यांच्यासाठी रडला होतात ना!"

"वत्सलाबाई सोन्यासारखी आहे. पन या टाइमाले तिले मत देल्लं का खुर्चीवर कोन बसन? ते तुमालेबी ठाऊक आहे." मग ती हसली. "सारिका सासऱ्याच्या मुठीत आहे का नाही, एवढाच आमाले सवाल होता. ते त तुमीच रोज सांगत होते ना भोंग्यातून, पाठिंबा नाही म्हनून! आमी म्हटलं, चला, बरं झालं."

आयुष्यभर मला वाटत आलं की मी लोकांना सांगतो आणि लोक ऐकतात. पेंटर माझ्यामुळे आला, अमका माझ्यामुळे आला. आणि इथे या बायका माझ्याच भोंग्यातून मी न सांगितलेलं ऐकून घेत होत्या. माझा उजवा कान भोंग्याने कधीचाच गेला आहे, डावाही अर्धाच चालतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. टँकरची एवढी मोठी गोष्ट माझ्याच प्रभागात झाली आणि ती मला कळलीच नाही.

तिथून मी नामदेवरावांच्या घरी गेलो. ओसरीवर ते, अकोल्याहून आलेला मुलगा आणि दोन नातेवाईक बसले होते. वत्सलाबाई एका बाजूला मेथी निवडत होत्या. नामदेवरावांचा आवाज परत आला होता. ते समजावून सांगत होते. "घाबरायचं काही काम नाही. सारिकानं उद्याच राजीनामा द्यायचा. मंग पोटनिवडनूक लागन. त्यात वत्सला एकटीच उभी राहीन, डमी-गिमी काही नाही. सीट घरातच राहते. काय बाळू, बरोबर आहे ना?"

सारिका दाराच्या चौकटीत उभी होती. तिच्या कपाळावर कोणीतरी लावलेला गुलाल होता. ती म्हणाली, "मामाजी, मी राजीनामा देत नाही."

तिचा आवाज मोठा नव्हता. मुलगा जमिनीकडे बघायला लागला.

नामदेवराव वत्सलाबाईंकडे वळले. "तूच सांग तिले. तुही जागा होती ते. तिनं तुही जागा खाल्ली. त्या दिवशी गाडी भेटली असती त आज तू आली असती निवडून."

वत्सलाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "गाडी भेटली होती तिले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सकाळचीच भेटली होती. स्टँडवर उभी होती ते, गाडीत चढून राह्यली होती. म्या फोन केला. म्हटलं, उतर खाली. फोन बंद कर. आन् तीन वाजल्याबिगर मालेगावात पाय टाकू नको."

खरं सांगतो, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं, कानाचं असेल. पण नामदेवरावांचं तोंड उघडं होतं, म्हणजे त्यांनीही तेच ऐकलं होतं.

"तू सोताले पाडलं?" ते म्हणाले. "सोताले? मांगच्या टाइमाले रडली होती ना तू?"

"रडली होती. तवा मी उभी होती. या टाइमाले तुमी उभे होते, नाव माहं होतं." त्या शांतपणे बोलत होत्या, बाजारात भाव सांगावा तसं. "म्या नाही म्हटलं, तुमी ऐकलं नाही. माहा अर्ज तुमी भरला, मंग तिचा म्या राहू देल्ला. पाच वर्स तुमची सही कराले मी नाही बसत तिथं. सारिका बसन. तिले तुमाले नाही म्हनता येते."

सारिका रडायला लागली. मला वाटतं ती त्या दिवशी पहिल्यांदाच रडली. वत्सलाबाईंनी तिला जवळ बोलावलं नाही, फक्त सरकून सतरंजीवर जागा केली. ती येऊन बसली.

नामदेवराव किती तरी वेळ गप्प होते. या माणसाला गप्प बसलेलं मी लहानपणापासून पाहिलेलं नाही, शाळेत मास्तरांनी पट्टी मारली तेव्हाही नाही. मला भीती वाटली, काही बरंवाईट होतं की काय. बाहेर गल्लीतून हलगीचा आवाज यायला लागला. बायकांचा घोळका येत होता, पुढे यमुनाबाई, हातात हार.

नामदेवरावांनी बाहेर पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, मी साक्षीला आहे, त्यांनी तिला विचारलं, "मंग आता मी काय करू?"

"चहा ठेवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "लोकं येऊन राह्यले."

नामदेवराव उठले आणि आत गेले. आतून डबे उघडण्याचा, झाकणं पडण्याचा आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले आणि साखर कुठे आहे म्हणून विचारलं. सारिका उठायला लागली, तेव्हा वत्सलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने बसल्या जागेवरूनच सांगितलं, "खालच्या फळीवर, मामाजी."